चेंबरातलं हसू

बोरखड्यात कुणाचं लग्न लागो की कुणाचं भांडण जुंपो, खरी मजा ते उरकल्यावर यायची. दुपारी ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या बायांमध्ये सुंदरबाई पदर खोचून उभी राहायची आणि तिच्या एका तोंडातून अख्खं गाव बोलायला लागायचं. सरपंच लीलाधर प्रत्येक वाक्याला 'म्हंजे आपलं असं आहे का' असा टेकू लावतो, तो टेकू. आक्काबाई नाकातून 'हूं' काढून सुनेला जागच्या जागी बसवते, ते 'हूं'. एरंडोलच्या बाजारातली डांगरवाली, सुट्टे पैसे मागणारा एसटीचा कंडक्टर, वासरू दिसेना म्हणून हंबरणारी म्हैस, कुणीच सुटायचं नाही. नक्कल संपली की ती स्वतःच हसायची, आणि तसं हसणं गावात दुसऱ्या कुणाचं नव्हतं. आधी श्वास आत ओढत गडगडत वर चढायचं, मग मध्येच अडायचं, ऐकणाऱ्यांनाही श्वास धरायला लावायचं, आणि शेवटी एक उचकी लागून फुटायचं.

"निंबा, तुनी बायको वर गयी ना, तरी यमना रेड्यानी नक्कल करी दाखाडी," आक्काबाई म्हणायची.

निंबा नाना नुसता मान हलवायचा. त्याचा स्वभाव मुका. नवरा-बायको दोघांचंही बोलणं सुंदरबाईच करून टाकायची. "काय रांधू?" असं ती विचारायची आणि "जे शे ते रांध," हे त्याच्याच घोगऱ्या आवाजात तीच सांगायची. नाना समोर बसून विडी ओढत स्वतःचं बोलणं ऐकून घ्यायचा. त्यात चुकीचं काही नसायचंच.

म्हणून मागच्या भादव्यात ती गेली तेव्हा त्या घरातले दोन्ही आवाज एकदम गेले.

कावीळ झाली होती. जळगावच्या दवाखान्यातून परत आणलं तेव्हा डोळे हळदीसारखे, आणि घसा असा सुकलेला की शब्दाला शब्द खरवडायचा. खाटेवरून तिनं एकच गोष्ट मागितली. पाणी. नानानं नळाचं दिलं. तिनं ओठ मिटून घेतले.

"हाई नळनं शे. माले झिरानं जोयजे."

झिरा म्हणजे गावाखाली लवकी नदीच्या पात्रात, जांभळीच्या बुडाशी वाळूत उकरलेला खड्डा. पहिलं पाणी गढूळ येतं, ते उपसून फेकायचं. दुसरंही फेकायचं. मग सावकाश जे पाझरतं ते थंडगार आणि काचेसारखं. नवी नवरी म्हणून आली तेव्हापासून सुंदरबाई तिथं जायची. पण पुढं घरोघर नळ आले, न्हाण्या आल्या, संडास आले, आणि या सगळ्याचं पाणी गटारीनं थेट लवकीत उतरलं. नदी बिचारी पावसाळा सोडला तर कोरडी. तिच्या अंगात वाहायला उरलं ते गावाचंच सांडपाणी. झिरा उकरला तर काळं यायचं, आणि वास असा की कावळासुद्धा चोच वळवायचा.

नाना तरीही तांब्या घेऊन गेला. झिऱ्याच्या काठावर उभा राहिला. मग वाट वाकडी करून शाळेतल्या फिल्टरच्या नळावर तांब्या भरला आणि घरी येऊन तिच्या ओठांना लावला.

तिनं एक घोट तोंडात धरला. तो काही खाली उतरला नाही, गालाच्या कडेनं उशीवर ओघळला. डोळ्यांत मात्र जुनी चमक येऊन गेली.

"नक्कल मी करस," ती म्हणाली. "तुमले नही जमत."

दिवे लागायच्या आत ती गेली. आणि निंबा नानाच्या डोक्यात एक गोष्ट चाकाच्या आऱ्यासारखी रुतून बसली: सुंदर तहानलेली गेली.

खान्देशात मेलेल्या माणसाला पाणी द्यायचा दिवस ठरलेला आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, उंबरठ्यावर कुंकवाची बोटं उमटवायची, एकेका पितराचं नाव घेत एकेक बोट. नवी मातीची घागर भरून मांडायची, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवायचं, चुलीत घास टाकायचा. वर्षात कुणी गेलं असेल तर त्याची ती पहिली घागर, तिला विशेष मान. नानानं मनाशी पक्कं केलं. सुंदरची घागर झिऱ्याच्याच पाण्यानं भरायची. नळाचं नको, फिल्टरचं नको, नक्कल तर नकोच.

त्याच दिवाळीत गावाच्या गटारीला वळण लावणारं काम पूर्ण झालं. नदीच्या अलीकडे एक चेंबर, त्यात कचरा अडवायला जाळी, पुढं पाइप, मग गाळ बसायची टाकी, आणि त्यापुढं खडीचा लांबलचक वाफा. वाफ्यात कर्दळी लावलेल्या. घाण पाणी इकडून शिरणार, खडीतून आणि मुळांतून मुरत मुरत तिकडून नितळ होऊन नदीत उतरणार. तालुक्याहून आलेल्या इंजिनीअर शिल्पाताईंनी ग्रामसभेत हे समजावून सांगितलं आणि विचारलं, रोज जाळी साफ करायला, कर्दळी छाटायला माणूस कोण?

सभा एकदम चपला बघायला लागली.

"म्हंजे आपलं असं आहे का," लीलाधर म्हणाला, "माणूस मिळेल. पण गटारीत हात घालणारा..."

"मी घालस," मागून कुणीतरी बोललं.

लोकांनी वळून पाहिलं तरी क्षणभर कुणाला कळेना, हा आवाज कुणाचा. नंतर ओळख पटली. सुंदरबाईच्या तोंडून इतकी वर्षं ऐकलेला निंबा नानाचा आवाज तो.

"नाना, वावर शे, बैल शेतस, आनि हाई काय आंगे लाई लिधं?" पारावरच्यांनी नंतर टिंगल केली. "गटारना सरपंच व्हयना का?"

 सकाळ उजाडली की नाना लोखंडी झाकण उचलायचा, जाळीवरच्या शांपूच्या पुड्या, केसांचे गुंते, गुटख्याचे कागद काढायचा आणि खाली नदीत उतरून झिरा उकरून बघायचा. संक्रांतीपर्यंत काळ्याचं करडं झालं. शिवरात्रीला तळाची वाळू दिसू लागली. फैजपूरला दिलेल्या लेकीला, सारिकाला त्यानं आपणहून फोन लावला, आयुष्यात पहिल्यांदा. "काचना मायक शे," पाणी काचेसारखं आहे, एवढंच म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

होळी झाली. गावात लग्नांचा हंगाम लागला. आणि एका दुपारी नानानं झाकण उचललं तर आतून सुंदरबाई हसली.

तो झाकण धरून तसाच वाकलेला राहिला. आतून, पाइपाच्या अंधारातून, श्वास आत ओढल्यासारखं काहीतरी गडगडत वर आलं. अडलं. नानाचाही श्वास अडला. मग उचकी लागून ते फुटलं आणि पाणी हलकेच डुचमळलं.

शिल्पाताईंनी काम सोपवताना सांगून ठेवलं होतं: नाना, पाइप बोलायला लागला की समजा घशात काही अडकलंय. लगेच बांबूची कामटी घालायची. कामटी तिथंच भिंतीला टेकवलेली होती. नानानं तिच्याकडे पाहिलं. मग चेंबरच्या काठावर मांडी घातली आणि पुन्हा ऐकायला बसला.

दुसऱ्या दिवशी तो जाताना भरीत आणि कळण्याची भाकरी घेऊन गेला. सुंदरबाईचं आवडतं. केळीच्या पानात नीट गुंडाळलेलं. ते पाण्यात सोडलं तर जाळीवर जाऊन बसलं. नाना बघत राहिला. घास असा दारातच अडला तर तिला पोचणार कसा? त्यानं बाह्या सरसावल्या, जाळी उपसून बाजूला ठेवली. पान गिरकी घेत पाइपात शिरलं. थोड्या वेळानं आतून हसू आलं, कालच्यापेक्षा मोठं.

असल्या गोष्टी लपत नाहीत. कडबा घेऊन त्या वाटेनं जाणाऱ्या आक्काबाईनं नानाला गटारीशी गप्प बसलेलं पाहिलं, काय आहे म्हणून कान लावला, आणि भारा तिथंच टाकून दिला.

"ओ माय! हाई तं मन्ही सासू! मरताना अशीच घरघर करे!"

"आक्का, सुंदर शे ती," नाना कळवळून म्हणाला.

"सुंदर कशानी! मन्ही सासूले मी वळखत नही का? मरीसन इतला वरीस व्हयनात, तरी मन्हा पिच्छा सोडत नही, रांड!" असं म्हणत तिनं डोळ्याला पदर लावला, आणि संध्याकाळच्या आत हिरव्या बांगड्या आणि खण आणून सासूच्या स्वाधीन केला.

मग गाव लोटलं. ज्याला त्याला आपलं माणूस ऐकू यायला लागलं. लीलाधरला त्याचा बाप भेटला. "जेवन व्हयनं का आबा असाच ढेकर देयेत," तो ग्रामपंचायतीची भाषा विसरून म्हणाला, आणि त्याला खरंच भरून आलं. कुणाला दम्यानं गेलेला भाऊ, कुणाला न रडताच गेलेलं बाळ.

"पन मी म्हनस, पितर गटारमा काबरं ऱ्हातीन?" एका पोरानं विचारलं.

"मंग काय तुन्हा मोबाईलमा ऱ्हातीन? चाल, नारय टाक!"

नारळ पडले, लिंबं पडली, दशम्या, सांजोऱ्या, विड्यांची बंडलं पडली. एकानं देशीची बाटली आणली होती, ती त्यानं अर्धी आधी आपणच तपासून घेतली. आणि गंमत अशी की जितकं टाकावं तितका आवाज वाढायचा. आवाज वाढला की लोक म्हणायचे, बघा, पितरांना पोचलं! मग आणखी टाकायचे. अमावस्येला तर रांग लागली. जाळी नाना पुन्हा बसवायचा नाही. लोक त्यालाच विचारायचे, नाना, आज कोण बोललं? तो म्हणायचा, बठ्ठा, सगळाच बोलनात. मनात म्हणायचा, एकलीच शे ती. जिती व्हती तवय बी बठ्ठासना आवाज तीच काढे.

घरी गेल्यावर तो प्रथमच दोघांचं बोलायला लागला. "काय रांधू?" असं चुलीपुढं बारीक आवाजात विचारायचा, आणि "जे शे ते रांध," असं घोगऱ्या आवाजात सांगायचा. शेजारीण भिंतीआडून ऐकायची आणि तिच्या अंगावर काटा यायचा.

टाकीच्या अलीकडे पाणी तुंबलं होतं. ते चेंबरच्या काठावरून फुटलं आणि वाफ्याला न शिवता बाजूच्या उतारानं सरळ नदीत पळायला लागलं. कर्दळींचं पान न् पान पिवळं पडत गेलं. खालच्या अंगाला शेळ्या राखणारा चिंधा एक दिवस पारावर येऊन उभा राहिला.

"तुमना मुडदा पोटभर खातस," तो म्हणाला, "आनि आमन्या बकऱ्या हागी हागी मरतीस. यासना बी घास टाकस का कोनी?"

पारावर कुणी हसलं नाही.

शिल्पाताई आल्या तेव्हा ऊन डोक्यावर होतं. त्यांनी कर्दळीचं एक पान हातात चुरगाळलं, बाजूला पडलेली जाळी पाहिली, आणि नानाकडे पाहिलं.

"नाना, जाळी कोणी काढली?"

"मी."

"का?"

नानानं झाकण वर केलं. आतून गडगडत हसू आलं. शिल्पाताईंच्याही हातावरचे केस उभे राहिले, ते त्यांनी दुसऱ्या हातानं झाकले.

"हवा आहे ती," त्या म्हणाल्या. "पाइप पुढं तुंबलाय. पाणी हवेला ढकलतं आणि ती मिळेल त्या फटीतून निसटते. कामटी घालून साफ केलं की थांबेल."

"थांबी जाई?"

"थांबेल. आणि नाही केलं तर हा वाफा मरेल, नाना. मग सगळं तसंच नदीत."

"म्हंजे आपलं असं आहे का, मॅडम," लीलाधर मध्ये आला, "लोकांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. इथं छानपैकी चौथरा बांधू, पत्रे टाकू. आणि गटारीचं काय, पहिल्यासारखी वरच्या वर नदीत सोडून देऊ. पितरांना त्रास नको."

शिल्पाताईंनी नानाकडे पाहिलं. झाकण त्याच्या ताब्यात होतं, कामटीही. इतके महिने हा माणूस न चुकता वाफ्यावर येताना त्यांनी पाहिला होता.

"आखाजी व्हई जाऊ द्या," नाना खाली बघत म्हणाला आणि झाकण ओढून घेतलं.

आखाजीला लेकी माहेरी येतात. गावात झाडांना झोके बांधून झाले होते, पोरी गौराईची गाणी म्हणत होत्या. सारिका आली ती एरंडोलच्या बाजारातून नवी घागर घेऊनच. लालभडक, टिचकी मारली की खणखणणारी. आल्या आल्या तिनं ती नुसती धुऊन घेतली आणि म्हणाली, "नाना, मी झिरावर जाई येस. देखू तरी, काचना मायक कसा शे."

नाना 'थांब' म्हणेपर्यंत ती उतरणीला लागली होती.

ती परतली तेव्हा घागर कोरडीच होती. तिनं ती ओसरीवर अलगद टेकवली. पायाला घोट्यापर्यंत काळा चिखल होता.

"फोनवर काय सांगं व्हतं तुमी?"

नानानं तिच्या पायांपुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

"नाना, तठलं पानी मन्ही माय पेई का?"

"माय तठे नही," तो म्हणाला. "चाल. दाखाडस तुले."

वाटेत त्यानं तिला सगळं सांगितलं, इतकं सलग तो जन्मात बोलला नव्हता. हसू कसं वर चढतं, कुठं अडतं, उचकी कशी लागते. चेंबरपाशी पोचल्यावर त्यानं लोखंडी झाकण असं हळुवार उचललं, जणू झोपलेल्या माणसावरची गोधडी.

सारिका गुडघ्यावर बसली आणि काठावर डोकं वाकवून ऐकत राहिली. नाना तिच्या तोंडाकडे बघत होता. आवाज आला. पुन्हा आला. तिचा हात नकळत गळ्यापाशी गेला, आणि डोळे भरून वाहायला लागले.

"माय शे," ती म्हणाली.

"शे ना?" नानाच्या चेहऱ्यावर एवढं सुख उमटलं की तिला त्याच्याकडे बघवेना.

"शे. पन ती हसत नही, नाना."

आतून पुन्हा गडगडत वर आलं. अडलं.

"आयका बरं नीट," सारिका म्हणाली. "ती पेवाले देखस. घोट खाल उतरत नही तिना."

उचकी लागून आवाज फुटला. पाणी गालाच्या कडेनं ओघळावं तसं चेंबरच्या काठावरून ओघळून गेलं.

नाना उन्हात उभा होता, पण त्याला ती खाट दिसली. तो तांब्या दिसला. उशीवरचा ओला डाग दिसला. इतके दिवस हा आवाज तो कानांत साठवून नेत होता, रात्री त्याच्या उबेत झोपत होता, आणि तो होता तिच्या शेवटच्या संध्याकाळचा. ती आत घोट गिळायला बघत होती आणि हा तिच्या घशात भाकरी कोंबत होता.

त्यानं सदरा काढला. कामटी उचलली.

पहिला खण बाहेर आला, मग नारळाच्या शेंड्या, कुजलेली लिंबं, बांगड्यांच्या काचा. तो कामटी आत घालायचा, पिळायचा आणि ओढायचा. दंडापर्यंत काळा झाला. सारिका सगळं बाजूला सारत होती. झोके थांबले. माणसं जमली.

"निंब्या! अरे काय करस?" आक्काबाई पळत आली. "मन्ही सासू शे तठे!"

"ऱ्हाऊ दे वं आक्का, काढी टाकू दे," मागून कुणी म्हणालं. "जितेपनी तूच तिले निंघ निंघ करे ना!"

"ते आमनं आमनं व्हतं!" आक्काबाई ओरडली. "तू काय इचमा पडस!"

"नाना, थांबा," लीलाधर म्हणाला, पण 'म्हंजे आपलं असं आहे का' त्याला या वेळी सुचलं नाही. "आबा बोलतस तठे. एकदाव... एकदाव मालेबी आयकू द्या."

नाना थांबला. कामटी तशीच धरून बाजूला सरकला. लीलाधर खाली बसला, पांढरी विजार चिखलात टेकली. पाइप ढेकर दिल्यासारखा वाजला. लीलाधर उठला आणि गर्दीतून वाट काढत निघून गेला. नानानं कामटी पुन्हा आत घातली.

काहीतरी लागलं. मऊ, पण हलत नव्हतं. नानानं पालथं पडून खांद्यापर्यंत हात आत नेला, बोटं रोवली आणि खेचलं. केळीच्या पानांचा लगदा बाहेर आला. केळीच्या धाग्यांनी आपल्या आत सगळ्या गावाचा नैवेद्य बांधून ठेवला होता. रोज एक पान. ते फक्त नानाच आणायचा.

पाइपात आवाज झाला. आत ओढत, गडगडत वर चढणारा. सगळ्यांनी श्वास धरला. यावेळी तो अडला नाही. लांब, खोल, एका दमात पोटभर प्यावं तसा खाली उतरत गेला, टाकीत धबाधबा पाणी पडलं, चेंबरची पातळी सरसर खाली गेली, आणि मग काहीच नाही. नुसतं वाहणं. त्याला आवाज नसतो.

"गयी?" आक्काबाईनं विचारलं. इतक्या बारीक आवाजात तिला कुणी बोलताना ऐकलं नव्हतं. "मन्ही सासू गयी?"

नानानं जाळी उचलली आणि खाचेत बसवली.

आखाजीला झिरा काळाच होता. मेलेला वाफा एका दिवसात उठत नाही. नानानं उंबरठ्यावर बोटं उमटवली, आज्याचं, बापाचं, आईचं. सुंदरचं बोट उमटवताना हात थांबला, पण उमटवलं. बाकीच्यांच्या घागरी नळाच्या पाण्यानं भरल्या. लाल घागर तशीच कोरी ठेवली, वर डांगरही ठेवलं नाही. चुलीत बाकीच्यांच्या नावाचा घास टाकताना सारिका म्हणाली, "नाना, उपाशी ऱ्हाई ती." नाना म्हणाला, "उपाशी ऱ्हाऊ दे. तिनी पानी मांगं व्हतं, घास नही."

सारिका सासरी गेली. गावात नानाशी बोलायला कुणी राजी नव्हतं. पारावर तो आला की तंबाखूची डबी बंद व्हायची. "बायको दोनदाव मारी टाकी यानी," असं त्याला ऐकू जाईल इतपत हळू बोललं जायचं. चेंबरचं झाकण तो रोज उचलायचा. आत गडद, गार, मुकं पाणी. एखादेवेळी तो कान लावायचा, आपल्याच रक्ताचा ठोका ऐकून उठायचा. घरी 'काय रांधू' विचारणंही बंद झालं. कोनाड्यात लाल घागर तोंड उघडं टाकून बसलेली, आणि तिच्या पोटातून घरातला प्रत्येक आवाज किंचित उशिरा परत यायचा. खोकला. चिमट्याची खळखळ. तो घागरीकडे पाठ करून जेवायचा.

कर्दळींच्या बुडातून गुंडाळलेली हिरवी पानं वर आली. जेठाचं ऊन कडकडत होतं, रोहिण्या कोरड्या चालल्या होत्या. नाना सकाळ-सकाळ झिरा उकरायचा, पहिलं फेकायचा, दुसरं फेकायचा, तिसऱ्याचा ओंजळीत वास घ्यायचा आणि परतायचा. एका सकाळी तो असाच वाकलेला असताना मागून चिंधाची हाक आली.

"नाना, हालू नको!"

चिंधाची एक तांबडी शेळी नानाच्या कुशीशी येऊन उभी होती. तिनं झिऱ्यात तोंड घातलं. फुरफुरली नाही, मान झटकली नाही. पीत राहिली.

नाना घरी गेला आणि लाल घागर घेऊन आला. झिरा त्यानं गुडघाभर खोल उकरला. पहिलं पाणी उपसून फेकलं, दुसरं फेकलं, आणि मग जांभळीच्या सावलीत बसून वाट बघितली. पाणी वाळूतून हळूहळू वर आलं, तळाचा एकेक खडा दाखवत.

त्यानं घागर आडवी धरून पाण्यात बुडवली.

घागरीच्या गळ्यातून श्वास आत ओढल्यासारखा आवाज आला. गडगडत वर चढला. नानानं घागर सोडली नाही, उचललीही नाही. तो आवाज चढत गेला, बारीक होत गेला, आणि काठाशी येऊन एक उचकी लागली. मग घागर भरली आणि गप्प झाली.

खांद्यावर घागर घेऊन तो चढण चढला तेव्हा वर वाटेवर आक्काबाई उभी होती. तिच्या हातात एक रिकामा तांब्या होता आणि नजर दुसरीकडे.

"निंबा," ती नाकातल्या नाकात म्हणाली, "उतरताना पाय घसरस का रे तठे?"

"माले दे," नाना म्हणाला. घागर त्यानं दगडावर नीट टेकवली, तिच्या हातून तांब्या घेतला, आणि तिच्या सासूसाठी पुन्हा खाली उतरला.